दुसरे यशवंतराव होळकर : यंत्रयुगाचा रसिक महाराजा

होळकर घराण्यातील यशवंतराव म्हटले की इंग्रजांशी झुंजलेला पराक्रमी सेनानी मराठी वाचकाला आठवतो. त्याच नावाचा, त्याच गादीवर बसलेला विसाव्या शतकातील त्यांचा वारस मात्र रणांगणावर गेला नाही. त्याचे नाव इतिहासात राहिले ते मोटारी, इमारती आणि शिल्पे यांच्या संगतीत.

दुसऱ्या यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी इंदूर येथे झाला. १९२५ साली मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्या प्रकरणाचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोहोचले. चौकशीला सामोरे जाण्याऐवजी तुकोजीराव महाराजांनी १९२६ च्या फेब्रुवारीत गादी सोडली आणि अवघ्या सतरा वर्षांच्या मुलाच्या मस्तकी संस्थानाचा भार आला. कारभाराचे पूर्ण अधिकार त्यांच्या हाती १९३० साली आले. मधली वर्षे शिक्षणात गेली. ऑक्सफर्डला असताना त्यांची एकार्ट मुथेसिउस या जर्मन तरुण वास्तुविशारदाशी ओळख झाली आणि तिचे पुढे स्नेहात रूपांतर झाले.

महाराज आणि त्यांच्या पत्नी, कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताबाई, यांच्यासाठी मुथेसिउस यांनी १९३० ते १९३३ या काळात इंदुरात माणिकबाग हा राजवाडा सिद्ध केला. त्यात घुमट नव्हते, कमानी नव्हत्या, नक्षीदार झरोकेही नव्हते. सरळ रेषा, धातू, काच आणि प्रकाश हेच त्याचे अलंकार होते. माळव्याच्या उन्हाळ्यावर उपाय म्हणून तेथे वातानुकूलनाची सोय केली गेली. त्या काळच्या भारतात ही अपूर्वाईची गोष्ट होती. रुलमान, आयलीन ग्रे, ल कॉर्बुझिए अशा युरोपातील अग्रगण्य कलावंतांनी घडवलेल्या वस्तू तेथे मांडल्या गेल्या. मुथेसिउस यांचे काम राजवाड्यापुरते थांबले नाही. महाराजांच्या प्रवासासाठी रेल्वेचा डबा आणि पाण्यावर राहण्यासाठी हाऊसबोट यांचेही आराखडे त्यांनी केले. घर जमिनीवर असो, रुळांवर असो वा पाण्यावर, राहणाऱ्याची गरज आणि यंत्राची शक्यता यांतूनच त्याचा आकार ठरावा, हा त्यामागचा विचार होता.

हीच दृष्टी महाराजांच्या मोटारीत दिसते. त्या काळी अनेक संस्थानिक मोटारीला अंबारीसारखे मढवीत. सोन्याचांदीचा मुलामा आणि मखमली बैठका यांवर पैसा ओतला जाई. यशवंतरावांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीचे एसजे हे मॉडेल निवडले. उंची मोटारींचे कारखाने तेव्हा इंजिन आणि चॅसिस एवढेच तयार करीत. बॉडी बांधणारे कारागीर निराळे असत. त्यामुळे अशी मोटार विकत घेणे म्हणजे तिच्या घडणीत स्वतः सहभागी होणे होते. हिचे चॅसिस आले इंडियानापोलिसहून आणि बॉडी बांधली लंडनच्या गर्नी नटिंग यांनी. आठ सिलिंडरांचे, सुपरचार्जर बसवलेले तिचे इंजिन सुमारे ३२० अश्वशक्तीचे होते. एरवी ज्या लांबीच्या चॅसिसवर सात माणसांची बंद गाडी बांधत, त्यावर येथे केवळ दोन आसने ठेवण्यात आली. रंग भगवा आणि काळा. गाडी हाकणारा आणि त्याच्या शेजारचा, एवढ्यांनाच तीत जागा होती. मागे बसून मिरवण्यासाठी नव्हे, स्वतः चालवण्यासाठी ती घडवली गेली होती.

परंतु शेजारचे आसन लवकरच रिते झाले. १९३७ साली संयोगिताबाईंचे स्वित्झर्लंडमध्ये ऐन तारुण्यात निधन झाले. मागे उषाराजे ही चिमुकली कन्या राहिली. ड्यूसेनबर्ग कंपनीचा कारभारही त्याच वर्षी आटोपला. इंदुरात एक ध्यानमंदिर उभारावे, त्यात आपल्या संग्रहातील ‘अवकाशातील पक्षी’ ही शिल्पे ठेवावीत, असा महाराजांचा संकल्प होता. त्यासाठी शिल्पकार ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊनही गेले. मंदिर मात्र कागदावरच राहिले.

यशवंतरावांना केवळ विलासी ठरवणे अन्यायाचे होईल. १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना खुले पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थीची विनंती केली. ब्रिटिशांच्या मांडलिक संस्थानिकाने असे पाऊल उचलणे धाडसाचेच होते. त्यांच्या आश्रयाखाली सी. के. नायडूंच्या नेतृत्वातील होळकर संघाने रणजी करंडकावर आपले नाव कोरले. तरीही त्यांचा बराच काळ परदेशी गेला, हे नाकारता येत नाही. ज्या सौंदर्यासाठी त्यांनी एवढे केले, ते माणिकबागेच्या भिंतींआड राहिले आणि इंदूरच्या रयतेच्या वाट्याला फारसे आले नाही.

१९४८ साली इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. यशवंतराव १९५६ पर्यंत तेथील उपराजप्रमुख होते. ५ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त होण्यापूर्वी अवघे दोन आठवडे, मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ५३ वर्षांचे होते.

पुढे संग्रह पांगला. संगमरवरी दोन पक्षी ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात गेले, तर ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियात पोहोचला. माणिकबागेतील सामानाचा १९८० साली मोनॅको येथे लिलाव झाला आणि ड्यूसेनबर्ग आपल्या जन्मदेशी परतली. राजवाड्यात केंद्र सरकारच्या उत्पादन शुल्क विभागाचे कार्यालय आले. २०१९ साली पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने या आधुनिक महाराजावर मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा माणिकबागेतील विखुरलेल्या अनेक वस्तू पुन्हा एका छताखाली आल्या. ते छत इंदूरचे नव्हते.