प्रेमचंद रायचंद आणि २८५० चे ८७

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांना धरा, मला नको! अन् विषय शेअर बाजाराचा आहे म्हणून पान उलटू नका. त्यात आपला कापूस येणार आहे.

मागच्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टसाठी स्टेट बँकेच्या शेअरचे जुने भाव उतरवून घेतले. हजारो ओळी, प्रत्येक ओळीत तारीख आणि भाव. आम्ही प्रोग्राम लिहिला आणि त्याने शोध लावला की नोव्हेंबर २०१४ मध्ये हा शेअर एका दिवसात नव्वद टक्के कोसळला. तीन हजारांच्या जवळपासचा भाव एकदम तीनशेच्या जवळपास! आम्ही तो आकडा लाल रंगात छापला. सरांनी रिपोर्ट चाळला आणि एवढंच विचारलं की त्या दिवशीच्या पेपरात काय आलं होतं. आम्ही शोधलं. बँक बुडाल्याची बातमी कुठेच नव्हती. बँकेने दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे एक रुपयाचे दहा शेअर केले होते, बस. शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा घ्याव्यात तसं. त्याआधीचे भाव दहाने भागून घ्यायचे आमच्याकडून राहिले होते.

हसण्यावारी नेलं असतं, पण त्याआधी एक घोळ झाला होता. आम्ही भातकुलीचे. बाबांनी फोनवर विचारलं होतं की कापसाच्या चुकाऱ्यातले थोडे पैसे अशा शेअरमध्ये ठेवावे का, अन् मी तोच ग्राफ बघून ठणकावून नाही म्हणून सांगितलं होतं.

मग खरी पडझड कशी दिसते ते शोधायला लागले, आणि त्याच बँकेच्या खापरपणजोबांपाशी जाऊन पोचले. बँक ऑफ बॉम्बे, साल १८६५. शेअरचा भाव २८५० पर्यंत चढला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकावा लागला. इथे कोणी नोट मोडली नव्हती. या आकड्यांच्या मधोमध एक माणूस उभा आहे. त्याचं नाव प्रेमचंद रायचंद.

प्रेमचंद जन्मले १८३१ मध्ये, सुरतेच्या एका जैन कुटुंबात. वडील रायचंद दीपचंद व्यापारासाठी मुंबईला आले. मुलगा तिथे इंग्रजी शिकला. आज यात काय विशेष, असं वाटेल. पण इंग्रजी वाचता, लिहिता आणि बोलता येणारा पहिला देशी शेअर दलाल म्हणून त्यांचंच नाव घेतात. तेव्हा दलालांचा बाजार भरायचा टाउन हॉलसमोर, वडाच्या झाडाखाली. दलाल मोजकेच. कंपनीची कागदपत्रं इंग्रजीत आणि सौदे गुजरातीत. दोन्हीकडचं ज्याला कळतं तो पुढे जाणारच! विशीतच त्यांचा जम बसला.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तो मग आला हिंदुस्थानातून, आणि त्यातला बराच आपल्या वऱ्हाडातून. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला चक्क ‘उमरा’ म्हणायचे, म्हणजे उमरावती, म्हणजे आपली अमरावती! नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ मध्ये पोचली, त्यामुळे तेव्हा माल बैलगाड्यांनी रेल्वेच्या टोकापर्यंत न्यावा लागे. तरी भाव तीन-चार पटींनी वाढले. या भागातल्या शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या असं त्या काळाबद्दल सांगतात. आमच्या घरी चांदीची धाव कोणी पाहिलेली नाही. असो.

मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद कापसाच्या व्यापारातही होते. बातमी बोटीने यायची तो काळ. असं सांगतात की लिव्हरपूलचे भाव इतरांच्या आधी कळावेत म्हणून ते टपालाच्या बोटीकडे भर समुद्रात आपली होडी पाठवायचे. आज इंटरनेटचा स्पीड कमी झाला की आपण होस्टेल डोक्यावर घेतो, त्यांनी होडी काढली!

आता मुख्य भाग. आलेला पैसा ठेवायचा कुठे? रोज नवीन कंपन्या निघू लागल्या. बँका, फायनान्स कंपन्या, जहाज कंपन्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या. यात सगळ्यात गाजली बॅक बे रेक्लमेशन कंपनी, आणि तिच्यामागे प्रेमचंदांचा मोठा हात. पाच हजार रुपये भरलेला तिचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. समुद्र जागच्या जागी होता, जमीन यायची होती, पण भाव येऊन बसला होता.

हे घडलं कसं, ते इंजिनिअरिंगवाल्यांना पटकन कळेल. बँक ऑफ बॉम्बेवर प्रेमचंदांचं वजन होतं. बँक शेअर तारण ठेवून कर्ज द्यायची. त्या कर्जातून लोक आणखी शेअर घ्यायचे, म्हणून भाव वाढायचा. भाव वाढला की तारणाची किंमत वाढली, म्हणजे आणखी कर्ज! कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात पॉझिटिव्ह फीडबॅक विचारला तर हेच उदाहरण लिहा. अशा वेळी भाव कंपनीबद्दल काही सांगत नाही, स्वतःचाच आवाज स्वतःला ऐकवतो, माइक स्पीकरसमोर धरल्यासारखा. भर म्हणजे मोठे सौदे वायद्याचे होते, माल आणि पैसा द्यायचा पुढच्या ठरलेल्या तारखेला. बऱ्याच सौद्यांची तारीख होती १ जुलै १८६५.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल लीने शरणागती पत्करली. युद्ध संपणार हे कळताच कापूस घसरला, आणि कापसाच्या जोरावर उभं असलेलं बाकी सगळंही. १ जुलैला घेणाऱ्याकडे पैसे नव्हते आणि देणाऱ्याला मागून उपयोग नव्हता. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्याही खाली गेला. दिवाळखोरांची संख्या इतकी झाली की त्यांच्यासाठी १८६५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. १८६६ मध्ये खुद्द प्रेमचंदांचं दिवाळं वाजलं. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बंद झाली, सरकारने चौकशी आयोग नेमला आणि प्रेमचंदांना दिलेल्या कर्जांची उलटतपासणी झाली.

त्यांना खलनायक करायचं की दानशूर, हा प्रश्न मला सुटलेला नाही. लाखोंच्या उधळपट्टीत त्यांचा वाटा होता हे नक्की. हजारो घरं बुडाली, त्यात कोणी दलाल नसलेलेही होते. पण १८६४ मध्ये, भाव टोकाला जात असताना, याच माणसाने मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. मनोऱ्याला आईचं नाव द्यायचं ठरलं, राजाबाई. आईला सूर्यास्ताआधी जेवायचं असे आणि दिसत नव्हतं, म्हणून वेळ सांगणारं घड्याळ, अशी गोष्ट सांगतात. नकाशा काढला सर गिल्बर्ट स्कॉट यांनी, लंडनमध्ये बसून. बांधकाम १८६९ ला सुरू झालं आणि १८७८ ला संपलं, उंची २८० फूट. म्हणजे मनोरा वर चढत होता तेव्हा देणगी देणारा दिवाळ्यातून सावरत होता. कलकत्ता विद्यापीठातली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीही त्यांच्याच दोन लाखांची.

नंतर ते पुन्हा धंद्यात उभे राहिले, पण तो थाट परत आला नाही. १८७५ मध्ये दलालांनी आपली संघटना रीतसर स्थापन केली, तीच पुढे मुंबई शेअर बाजार झाली, आणि तिच्या उभारणीत त्यांचं नाव घेतलं जातं. १९०६ मध्ये ते वारले. भायखळ्याचा त्यांचा बंगला पुढे कॉन्व्हेंटची शाळा झाला हे वाचून मला उगाचच ओळखीचं कोणी भेटल्यासारखं वाटलं.

बँकेचं पुढे काय झालं? १८६८ मध्येच त्याच नावाची नवी बँक निघाली. ती १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत गेली, आणि १ जुलै १९५५ ला तिची स्टेट बँक झाली. पुन्हा १ जुलै, बरोबर नव्वद वर्षांनी! पण आमच्या फाइलमध्ये २८५० आणि ८७ या ओळी नाहीत. बॅक बे रेक्लमेशन तर कुठल्याच फाइलमध्ये नाही. आज आपण जुने भाव बघतो ते टिकलेल्या कंपन्यांचे. बुडालेल्यांची रांग डोळ्यांआड असते, म्हणून सगळे ग्राफ वरवर जाताना दिसतात. आणि पन्नास हजार हा भाव लागला याचा अर्थ सगळ्यांना तो मिळाला असा होत नाही. त्या भावाला दोन-चार शेअर विकले गेले की दोन-चार हजार, हे भावाच्या रकान्यात लिहिलेलं नसतं.

दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांना सांगितलं की माझा ग्राफ चुकला होता, माझ्या नाहीवर जाऊ नका आणि घाईत होही करू नका. ते म्हणाले की पैसे तसेही बियाण्याला अन् माझ्या फीला गेले. आबाजी ओसरीवर ऐकत होते. ते उठले आणि आतून पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात एकाधिकार खरेदीच्या काळापासूनच्या कापूस विक्रीच्या पावत्या, अन् एक जुनी वही. वहीत साल, क्विंटल, मिळालेला भाव. समोर दोन-तीन शब्द पेन्सिलने: पाऊस उशिरा. बोंडअळी. चुकारा चार महिन्यांनी. आमच्याकडे खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही, त्यामुळे पावसाचा शेरा जवळपास प्रत्येक ओळीला आहे.

होस्टेलला परत आल्यावर आम्ही फाइलमध्ये तारीख आणि भावाच्या शेजारी तिसरा रकाना काढला आहे, त्या दिवशी काय झालं याचा. रूममेट वर्तमानपत्रांच्या जुन्या फाइली काढून देते, मी भरते. सबमिशन पुढच्या महिन्यात आहे आणि अजून अर्धाही भरलेला नाही.