आयरीन युइंग

आयरीन रोझेटा युइंग (माहेरचे आडनाव गोल्डसॅक, १८८३–१९५९) या इंग्लंडमधील कर्णबधिर मुलांच्या शिक्षिका, संशोधिका आणि मँचेस्टर विद्यापीठातील अध्यापिका होत्या. अद्याप बोलू न लागलेल्या तान्ह्या मुलाला ऐकू येते की नाही, हे पारखण्याची शिस्तबद्ध पद्धत त्यांनी व त्यांचे पती अलेक्झांडर युइंग यांनी १९४४ साली मांडली. ही पद्धत पुढे लक्षविचलन चाचणी म्हणून ओळखली गेली.

शिक्षकी कारकीर्द

मँचेस्टर येथे १९१२ साली लहान कर्णबधिर मुलांसाठी हेन्री वॉरल शाळा सुरू झाली. तिच्या मुख्याध्यापिका म्हणून आयरीन यांनी काम केले. त्यांची स्वतःची श्रवणशक्ती क्षीण झाली होती आणि ओठवाचनात त्या निपुण होत्या. त्यामुळे बहिरेपणाचा प्रश्न त्यांना शिक्षिका म्हणून जसा ठाऊक होता, तसाच अनुभवानेही ठाऊक होता. या शाळेतील कामातून कर्णबधिर मुलांचे शिक्षण शक्य तितक्या लवकर सुरू झाले पाहिजे, असे त्यांचे ठाम मत बनले.

१९१९ साली मँचेस्टर विद्यापीठात कर्णबधिरांच्या शिक्षकांना प्रशिक्षण देणारा विभाग स्थापन झाला. आपल्या दिवंगत कर्णबधिर मुलाच्या स्मरणार्थ सर जेम्स जोन्स यांनी दिलेल्या देणगीतून हा विभाग उभा राहिला होता. तेथील पहिल्या व्याख्यात्या म्हणून आयरीन यांची नेमणूक झाली. १९२२ साली त्यांचा अलेक्झांडर युइंग यांच्याशी विवाह झाला. पुढील संशोधन व लेखन बहुतांशी उभयतांनी मिळून केले. १९३८ साली त्यांचा बहिरेपणाच्या समस्येवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

तान्ह्या मुलांची श्रवणचाचणी

जन्मतः बहिरे असलेले मूलही पहिले काही महिने इतर मुलांप्रमाणेच रडते, हसते आणि हुंकार देते. त्यामुळे आईवडिलांना शंका येत नाही. मूल दोन-तीन वर्षांचे होऊनही बोलत नाही, तेव्हा प्रश्न ध्यानात येतो. भाषा आत्मसात करण्याचा मोलाचा काळ तोवर निघून गेलेला असतो. युइंग दांपत्याचे संशोधन हाच काळ वाचवण्यासाठी होते.

मूल आधाराने बसू लागले आणि आवाजाच्या दिशेने मान वळवू लागले की ही चाचणी घेता येते. मूल आईच्या मांडीवर बसते. समोरची व्यक्ती खेळणे दाखवून त्याचे लक्ष वेधते आणि मग ते खेळणे हलकेच दृष्टीआड करते. त्याच क्षणी परीक्षक मुलाच्या मागून, बाजूला राहून, कानाच्या पातळीवर मंद आवाज करतो. कपाला चमचा लावणे, पातळ कागद चुरगळणे, खुळखुळा हलवणे, हलका स्वर काढणे किंवा सकाराचा उच्चार करणे, अशी साधने वापरली जातात. मूल वळून पाहते का, हे दोन्ही बाजूंनी तपासले जाते. परीक्षकाची सावली, पावलांची चाहूल किंवा आईची नकळत झालेली हालचाल यांवरूनही मूल वळू शकते. म्हणून या सर्व बाबींची दक्षता घ्यावी लागते.

आवाज मोठा नव्हे, तर मंद आणि मुलाच्या ओळखीचा असावा, हे या पद्धतीचे मर्म होय. जोरात टाळी किंवा थाळी वाजवली असता अंशतः बहिरे मूलही दचकते आणि घरच्यांचा गैरसमज होतो. काही मुलांना भांडे पडल्याचा आवाज येतो. परंतु स, श यांसारखी उच्च कंप्रतेची व्यंजने ऐकू येत नाहीत. अशा मुलांचे बहिरेपण केवळ मोठ्या आवाजाने उघड होत नाही.

प्रसार व मर्यादा

ब्रिटनमध्ये घरोघरी भेट देणाऱ्या आरोग्यसेविकांना ही चाचणी शिकवण्यात आली आणि अनेक दशके ती तेथील बालआरोग्य तपासणीचा भाग होती. तिचे यश परीक्षकाच्या कौशल्यावर अवलंबून असल्याने काही मुलांचे बहिरेपण निसटून जाई. १९७८ साली डेव्हिड केंप यांनी अंतर्कर्णातून बाहेर येणाऱ्या सूक्ष्म ध्वनींचा शोध प्रसिद्ध केला. त्यावर आधारलेल्या उपकरणांमुळे झोपलेल्या नवजात बालकाचीही तपासणी शक्य झाली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये नवजात तपासणीने जुन्या चाचणीची जागा घेतली.

टीका

युइंग दांपत्य मौखिक पद्धतीचे पुरस्कर्ते होते. श्रवणयंत्र, ओठवाचन आणि वाणी यांवर त्यांचा भर होता. या विचारसरणीमुळे शाळांतून सांकेतिक भाषा दूर सारली गेली आणि अनेक मुलांना सहज साध्य होणारी भाषा लाभली नाही, अशी टीका कर्णबधिर समाजातून झाली.

भारतातील संदर्भ

मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली कर्णबधिरांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव देण्यात आले. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत श्रवणशास्त्र व वाचाविकारशास्त्राचा समावेश आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाच्या तपासणीचा अंतर्भाव आहे. जेथे उपकरण उपलब्ध नसते, तेथे खुळखुळा, मंद आवाज आणि सावध निरीक्षण यांवर आधारलेली प्राथमिक पारख आजही उपयोगी पडते. मात्र शंका आल्यास उपकरणाद्वारे तपासणी आवश्यक असते.

निधन

आयरीन युइंग यांचे १९५९ साली निधन झाले. त्याच वर्षी अलेक्झांडर युइंग यांना सर हा किताब मिळाला.