पाण्यानंतरची गोष्ट

हेलन केलरच्या एका हातावर पंपाचे पाणी पडते, दुसऱ्यावर तिची शिक्षिका बोटांनी अक्षरे उमटवते आणि त्या अंध-बधिर मुलीला उमगते की वस्तूंना नावे असतात. हा प्रसंग बहुतेकांना ठाऊक आहे. त्या शिक्षिकेची, ॲन सुलिव्हनची, गोष्ट मात्र तिथेच थांबवली जाते, याची मला नेहमी रुखरुख वाटते.

ॲन १८६६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या गरीब आयरिश घरात जन्मली. लहानपणीच खुपऱ्यांनी डोळे अधू झाले, आई वारली. १८७६ मध्ये धाकट्या भावासह तिची रवानगी ट्यूक्सबरीच्या गरीबखान्यात झाली. भाऊ काही महिन्यांतच तिथे दगावला. चौदाव्या वर्षी ती बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत आली. तिथे राहणाऱ्या अंध-बधिर लॉरा ब्रिजमनशी बोलता यावे म्हणून ती बोटांची लिपी शिकली.

३ मार्च १८८७ रोजी, विशीतली ॲन अलाबामातील टस्कंबियाला केलरांच्या घरी पोहोचली. एकोणीस महिन्यांची असताना आजारात दृष्टी आणि श्रवण गमावलेली हेलन आता पावणेसात वर्षांची होती. हट्टी होती, पण तिच्यापाशी सांगण्यासारखे काही नव्हते असे नाही. पाव हवा असला की ती तो कापून लोणी लावल्याची खूण करी. ॲनने बाहुली, केक असे शब्द हातावर लिहून दिले. हेलन ते गिरवी, पण तो तिला खेळच वाटे. ५ एप्रिलला पाण्याने ते कोडे सुटले.

मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरच्या आठवड्यातले. हेलनचे पंधरा महिन्यांचे मावस-चुलत भावंड घरात वावरत होते. त्याला बोलता येई त्याहून कितीतरी अधिक कळे, हे ॲनने हेरले. बाळाला कुणी तासिका लावून शिकवत नाही. त्याच्याशी नुसते बोलत राहतात. तिने ठरावीक धडे गुंडाळून ठेवले आणि हेलनच्या तळहातावर दिवसभर पूर्ण वाक्ये लिहू लागली. हेलनने खुणेने वा एखाद्या शब्दाने उत्तर दिले तरी चाले. उरलेले वाक्य ॲन भरून काढी. महिना सरायच्या आत हेलनला शंभरावर शब्द कळू लागले.

आज मूल बोलत नसेल तर कानांची तपासणी आणि वाचा-उपचारतज्ज्ञ दोन्ही लवकर गाठावेत. उशिरा बोलेल म्हणून वाट पाहण्यात मोलाची वर्षे जातात. प्रत्येक मुलाचे कारण निराळे, उपायही निराळा. परंतु तज्ज्ञाकडचा तास आठवड्यातून एकदोनदाच येतो, बाकीचा वेळ घराचा असतो. आपण तो हे काय, ते काय, बोल पाहू, अशा परीक्षेत घालवतो. मुलाने बोट दाखवले, तर ते बोलणेच समजून त्याला शब्द जोडून द्यावा, आणि उत्तराचा तगादा लावू नये.

ॲन १९३६ मध्ये वारली, तेव्हा तिची दृष्टी जवळजवळ गेलेलीच होती. हेलन १९०४ साली रॅडक्लिफमधून पदवीधर झाली. तिथली व्याख्यानेही ॲननेच तिच्या तळहातावर लिहिली होती. सतरा वर्षांनंतरही तिने बोलणे थांबवले नव्हते.