भास्कराचार्य आणि वर्तुळाचा परीघ

परीघ कसा काढायचा असं मुलांना विचारलं की उत्तर लगेच येतं: व्यास गुणिले २२/७. पण २२/७ ही पायची अगदी नेमकी किंमत आहे का, असं विचारलं तर बरीच मुलं बिनदिक्कत हो म्हणतात. हा गैरसमज दूर करायला भास्कराचार्यांसारखा दुसरा सोबती नाही. त्यांच्या घराण्याची खूण नाशिकपासून फार लांबही नाही, म्हणून त्यांचं चरित्र वर्गात जरूर सांगा.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इ.स. १११४ चा. वडील महेश्वर हे ज्योतिषी होते आणि तेच त्यांचे गुरू. सह्याद्रीजवळचं विज्जलविड हे आपलं गाव, असं भास्कराचार्यांनी नोंदवलं आहे. काही अभ्यासक ते गाव चाळीसगावजवळच्या पाटण परिसरात असल्याचं मानतात, तर काही विजापूरकडे बोट दाखवतात.

वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पुढे ११८३ मध्ये, म्हणजे ६९ व्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिलं. या वयातही त्यांची आकडेमोड चालूच होती!

आता परिघाकडे वळू. लीलावतीत त्यांनी एक नाही, दोन रीती दिल्या आहेत. व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागा, म्हणजे सूक्ष्म परीघ मिळेल. २२ ने गुणून ७ ने भागा, म्हणजे व्यवहारापुरता स्थूल परीघ मिळेल. उदाहरणासाठी त्यांनी व्यास ७ घेतला आहे. स्थूल रीतीने परीघ २२ येतो. सूक्ष्म रीतीने ७ × ३९२७ = २७४८९, भागिले १२५०, म्हणजे २१.९९१२. फरक थोडासाच आहे, पण आहे. दोन्ही उत्तरं अंदाजेच आहेत, फक्त एक जास्त जवळचं आहे.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, असं मुलं विचारतील. त्यांना पृथ्वीचं उदाहरण द्या. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर. २२/७ वापरलं तर परिघात सुमारे १६ किलोमीटरची चूक होते. ३९२७/१२५० वापरलं तर चूक १०० मीटरच्या आत राहते. सायकलच्या चाकाला २२/७ पुरतं, आकाशाच्या गणिताला पुरत नाही. भास्कराचार्य ग्रहांचं गणित करणारे, त्यामुळे ही गरज त्यांना पक्की ठाऊक होती. त्यांनी पृथ्वीचा परीघ ४९६७ योजनं आणि व्यास १५८१ पूर्णांक १/२४ योजनं दिला आहे. भागाकार करून बघा, ३.१४१६ च येतं. आणि पृथ्वी गोल असून सपाट का दिसते? परिघाचा छोटासा तुकडा सरळच भासतो, हे त्यांनी गोलाध्यायात समजावलं आहे.

ही किंमत त्यांच्या आधीही माहीत होती. आर्यभटांनी इ.स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगितला होता. दोन्ही संख्यांना १६ ने भागलं की ३९२७ आणि १२५० मिळतात. पुढे सोळाव्या शतकात कोकणातल्या नांदगावचे (आपल्या नाशिकचं नांदगाव नव्हे) गणेश दैवज्ञ यांनी लीलावतीवर टीका लिहिली. वर्तुळात षट्कोन काढायचा आणि बाजू दुप्पट करत १२, २४, ४८ असं ३८४ पर्यंत जायचं, अशी रीत त्यांनी सांगितली.

लीलावती, घटिकापात्र आणि त्यात पडलेला मोती ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात ती येते. गोष्ट म्हणून जरूर सांगा, पण आपल्या मुलींना लीलावती दुर्दैवी वधू म्हणून नव्हे, गणिताचं पुस्तक म्हणून आधी भेटू दे.

नाशिकहून रेल्वेने मनमाड, नांदगाव करत चाळीसगावला उतरलं की पाटणादेवी जवळच आहे. इथला शिलालेख १८६० च्या दशकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि १२०७ साली त्या मठाला दान मिळालं. आजोबांसाठी नातवाने उभारलं ते शिकण्याचं ठिकाण, हे विशेष!

उद्या वर्गात दोरा, ताट, बांगडी आणि सायकलचं चाक घ्या. मुलांना परीघ आणि व्यास मोजू दे, भागाकार करू दे. प्रत्येकाचं उत्तर थोडं वेगळं येईल. ते चूक म्हणून खोडू नका. 'किती जवळ आलास?' एवढंच विचारा आणि २२/७ च्या आधी 'सुमारे' हा शब्द लिहायची सवय लावा.