हळदोण्याचा ट्रम्पेटवाला

परवा मंडळाची बैठक संपल्यावर स्वप्नातला बँड जमवायचा खेळ रंगला. अट एकच, बँड स्का वाजवणारा हवा. माझ्या यादीत ट्रम्पेटपुढे चिक चॉकलेट हे नाव होतं. लगेच दोन प्रश्न आले. हा कोण? आणि यानं स्का कधी वाजवलं? दुसऱ्या प्रश्नात दम आहे, पण आधी पहिल्याचं उत्तर.

चिक चॉकलेट म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा, गोव्यातल्या बार्देस तालुक्यातल्या हळदोण्याचा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि गावोगावच्या चर्चच्या शाळांत मुलांना संगीत शिकवलं जाई. प्रार्थनेला गाणारे आणि फेस्ताला वाजवणारे हात तयार व्हावेत, हा त्यामागचा हेतू. पण त्यातून पोरांना नोटेशन वाचता येऊ लागलं आणि त्या जोरावर ती मुंबई, कलकत्ता, रंगूनच्या हॉटेलांत पोट भरू लागली. आंतोनियोच्या आईला वाटे, पोरानं मेकॅनिक व्हावं, चार पैसे नीट कमवावेत. पोरानं ट्रम्पेट धरला.

चाळीसच्या दशकात मुंबईत त्याचा स्वतःचा बँड उभा राहिला. ताजसारख्या बड्या हॉटेलात तो वाजवू लागला. अमेरिकेचा लुई आर्मस्ट्राँग हा त्याचा आदर्श. तसाच घोगरा आवाज, तसाच हातातला रुमाल. लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणू लागले.

पुढे मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतला धंदा बसला आणि वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. तिथं त्याची गाठ पुणतांब्याच्या चितळकरांशी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांशी पडली. चाल संगीतकाराची असायची. पण कुठल्या ओळीवर ट्रम्पेट उसळेल, व्हायोलिन कुठं शिरेल, हे कागदावर उतरवायला नोटेशन जाणणारा माणूस लागे. ते काम चिकसारख्या सहायकांचं. १९५१ च्या ‘अलबेला’तला तो जोश आठवा. त्यातल्या एका गाण्यात भगवानदादांबरोबर चिक आणि त्याचे वादक झालरीचे शर्ट घालून पडद्यावरही दिसतात. त्याच वर्षी ‘नादान’ला त्यानं स्वतः संगीत दिलं. पण अशा संधी मोजक्याच. एरवी रेकॉर्डवर संगीतकाराचं आणि गायकाचं नाव छापलं जाई, वादकाचं नाही. १९६७ साली तो गेला. वय जेमतेम पन्नाशीचं.

आता स्का. हे जमैकाचं संगीत, १९६० च्या आसपास किंग्स्टन शहरात घडलेलं. ओळखायची खूण सोपी आहे. ‘एक आणि दोन आणि तीन आणि चार’ असं मोजा. आकड्यावर टाळी न देता ‘आणि’वर द्या. गिटार आणि पियानो तिथंच तुटक ठोका मारतात. आमच्यातले काही म्हणाले, हा ठेका म्हणजेच स्का. काही म्हणाले, वर ट्रम्पेट-ट्रॉम्बोन-सॅक्सोफोन नसतील तर कसलं स्का? मला ठेकेवाल्यांचं पटतं. आणि त्या न्यायानं चिक स्कावाला नव्हता, हे कबूल. त्याचं जॅझ निराळ्या झोक्यावर चालायचं.

तरी त्याचं नाव खोडलेलं नाही. किंग्स्टनमध्ये कॅथलिक सिस्टर्स गरीब मुलांसाठी अल्फा नावाची शाळा चालवत. तिथंही बँड शिकवत. ट्रॉम्बोनवाला डॉन ड्रमंड आणि सॅक्सोफोनवाला टॉमी मॅककुक तिथलेच. १९६४ साली दोघेही ‘स्कॅटलाइट्स’ या गाजलेल्या स्का बँडमध्ये होते. हळदोणे आणि किंग्स्टन यांच्यामध्ये अख्खे समुद्र. पण गरिबाच्या पोराच्या हातात वाद्य आणि समोर नोटेशनचा कागद ठेवणारं कुणीतरी दोन्हीकडे होतं. ठेका शिकून घेता येतो. ही तयारी असलेला माणूस चार तालमींत ‘आणि’वर वाजवू लागला असता, असं मला वाटतं.

म्हणून माझी यादी अशी: ट्रॉम्बोन ड्रमंड, सॅक्सोफोन मॅककुक, ट्रम्पेट आंतोनियो झेवियर वाझ. नाव मुद्दाम पूर्ण लिहिलंय. उधन्यात लग्नसराईत आपल्या खानदेशी वराती निघतात, आपण बँडपुढे तासतासभर नाचतो. बँडचं नाव गाडीवर रंगवलेलं असतं. ट्रम्पेटवाल्याचं नाव मात्र आपण कधी विचारलेलं नसतं. पुढच्या वरातीत विचारू या.