थिओडोर रूझवेल्ट : गोळीची पारख असलेला शिकारी

आमच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्यामुळे रायफल व काडतूस हे शब्द येथील मुलांच्या कानांस परके नाहीत. परंतु कोणत्या कामास कोणती गोळी घ्यावी, ही एक विद्याच आहे, आणि तीत निवडणाऱ्याच्या स्वभावाचीही परीक्षा होते, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. अमेरिकेचे सव्विसावे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे चरित्र आम्ही या दृष्टीने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रूझवेल्ट यांचा जन्म 27 ऑक्टोबर 1858 रोजी न्यूयॉर्क येथे एका सधन घराण्यात झाला. बालपणी दम्याने त्यांस इतके पछाडले होते की कित्येक रात्री त्यांस उशीवर डोके टेकता येत नसे. वयाच्या तेराव्या वर्षी हाती बंदूक आली, तेव्हा सोबत्यांना दिसणारे पक्षी आपल्याला दिसतच नाहीत, हे त्यांच्या प्रथमच लक्षात आले. चष्मा लागला आणि त्यांना जणू नवे जग दिसू लागले. तेव्हापासून पक्षी ओळखणे, त्यांचे नमुने जमविणे हा त्यांचा जन्माचा छंद झाला.

14 फेब्रुवारी 1884 हा दिवस त्यांच्यावर वज्राघातासारखा कोसळला. एकाच घरात, एकाच दिवशी, त्यांची माता व तरुण पत्नी दोघीही निवर्तल्या. शोकाकुल रूझवेल्ट पश्चिमेकडील डाकोटाच्या माळरानावर गुरे पाळण्यास गेले. तेथे त्यांची सोबतीण होती विंचेस्टर कंपनीची 1876 च्या नमुन्याची रायफल. हिच्या चापाभोवती लोखंडी कडे असते. ते खाली ओढून वर घेतले की रिकामे काडतूस बाहेर पडते व नवे नळीत चढते. अशा रायफलीस लिव्हर-अॅक्शन म्हणतात. तिच्यात पंचेचाळीस कॅलिबरचे, म्हणजे सुमारे साडेअकरा मिलिमीटर व्यासाच्या गोळीचे, काडतूस चाले. काळी दारू 75 ग्रेन आणि शिशाची गोळी 350 ग्रेन, म्हणजे जवळजवळ 23 ग्रॅम. 1884 च्या सप्टेंबरात बिगहॉर्न पर्वतात याच रायफलीने त्यांनी एका प्रचंड ग्रिझली अस्वलाची शिकार केली.

या रायफलीत काडतुसे नळीखालच्या लांब कोठ्यात एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावरील स्फोटक टोपीला टेकते. गोळी अणकुचीदार असेल तर धक्क्याने ती टोपी आतल्या आत पेटण्याचे भय असते. म्हणून अशा रायफलीस सहसा चपट्या टोकाची गोळी वापरतात. पुढे जॉन ब्राउनिंग या कुशल संशोधकाने 1895 च्या नमुन्यात कोठा चापापुढे पेटीसारखा केला व हे भय दूर झाले. त्याच रायफलीसाठी 1904 साली .405 हे दणकट काडतूस कारखान्यातून बाहेर पडले. त्याची गोळी 300 ग्रेनची असून सेकंदास सुमारे 670 मीटर वेगाने सुटे.

1901 ते 1909 या काळात रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष होते. 1902 च्या नोव्हेंबरात मिसिसिपीच्या रानात वाटाड्यांनी एक अस्वल जखमी करून झाडास बांधले व त्यांस गोळी घालण्याची विनंती केली. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणे त्यांनी साफ नाकारले. मात्र त्याच्या यातना संपविण्यास सांगितले. या प्रसंगावरील व्यंगचित्रातूनच मुलांच्या आवडत्या टेडी बेअरचे नाव जन्मास आले. आपल्या कारकिर्दीत त्यांनी 150 राष्ट्रीय वने, 51 पक्षी-अभयारण्ये व 5 राष्ट्रीय उद्याने स्थापिली वा वाढविली.

अधिकारपद सोडताच 1909 साली ते स्मिथसोनियन संस्थेसाठी नमुने जमविण्यास, पुत्र कर्मिट याच्यासह आफ्रिकेत गेले. मुष्टियुद्धात डाव्या डोळ्याची दृष्टी गेलेली, उजव्यावर जाड चष्मा! आपण सामान्य नेमबाज आहोत, हे ते स्वतःशी लपवीत नसत. म्हणूनच साधनांविषयी ते अधिक दक्ष असत. रायफलींबाबत विंचेस्टर कंपनीशी त्यांनी बारकाईने पत्रव्यवहार केला होता. सिंहासाठी त्यांनी .405 विंचेस्टर पसंत केली. सिंहाचे अंग मऊ असते. त्यास उघड्या शिशाच्या टोकाची गोळी हवी, कारण ती आत शिरताच फुलते व जनावर लवकर पडते. हत्ती-गेंड्यांची गोष्ट निराळी. जाड कातडे व हाडे भेदून खोल जाण्यास संपूर्ण धातूच्या कवचाची, न फुलणारी गोळी लागते. त्यासाठी हॉलंड कंपनीची दुनळी रायफल व 480 ग्रेनची गोळी त्यांच्यापाशी होती. तिच्याच माऱ्याने चाल करून आलेला एक गेंडा त्यांच्यापासून अवघ्या तेरा पावलांवर कोसळला. परंतु केनिया पर्वताच्या रानात पहिला हत्ती पाडताना दोन्ही नळ्या रिकाम्या झाल्या, आणि त्याच क्षणी दुसरा हत्ती झाडीतून अंगावर आला. ते झाडाआड झाले, सोबतच्या शिकाऱ्याने गोळ्या झाडल्या, म्हणूनच प्राण वाचले.

त्या सफरीत पितापुत्रांनी मिळून 512 मोठी जनावरे मारली. त्यांत उत्तरेकडील पांढरे गेंडेही होते. त्या जातीचा शेवटचा नर 2018 साली मृत्यू पावला. रूझवेल्ट यांच्या गोळ्यांनीच ती जात संपत आली असे नव्हे; तिचा मुख्य संहार पुढे शिंगांच्या लोभाने झाला. तरीही संग्रहालयासाठी इतके जीव घेणे आज आमच्या मनास रुचत नाही, हे सांगितले पाहिजे.

14 ऑक्टोबर 1912 रोजी मिलवॉकी येथे एका माथेफिरूने त्यांच्यावर .38 कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरची गोळी झाडली. खिशातील चष्म्याचे पोलादी घर आणि घडी घातलेले पन्नास पानी भाषण भेदताना गोळीचा जोर बराच ओसरला, तरी ती छातीत शिरलीच. अनुभवी शिकाऱ्याने खोकून पाहिले. मुखावाटे रक्त आले नाही. फुप्फुस शाबूत आहे हे त्यांनी ताडले आणि रक्ताळलेल्या सदऱ्यानिशी जवळजवळ दीड तास भाषण केले. ती गोळी काढण्यापेक्षा राहू देणेच डॉक्टरांस श्रेयस्कर वाटले. 6 जानेवारी 1919 रोजी ते निधन पावले, तेव्हाही ती त्यांच्या छातीत होती.

आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीचे ते दिवस सरले, आणि ते योग्यच झाले. परंतु आपले उणे ओळखून साधन निवडावे, हाती घेतलेल्या वस्तूचा परिणाम आधी जाणून घ्यावा, आणि गोळी भरलेली असतानाही हात आवरता यावा, या तीन गोष्टी या चरित्रातून आमच्या विद्यार्थी मित्रांनी अवश्य घ्याव्यात.