देवळालीचे कापरेकर मास्तर

आपल्या मंडळाच्या वाढदिवसाच्या या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे अशी आपली रीत आहे. यंदा ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी संत वा समाजसुधारक न निवडता एक शाळामास्तर निवडले. गणिताचे नाव काढताच पान उलटू पाहणाऱ्या भगिनींना माझी एवढीच विनंती, की थोडा धीर धरावा. येथे बेरीज-वजाबाकीपलीकडे काहीही लागणार नाही.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असतानाच मातृछत्र हरपले आणि वडिलांनी त्यांचा सांभाळ केला. वडिलांना ज्योतिषाचा नाद होता. घरात सतत आकडेमोड चाले आणि तिची गोडी मुलाला लागली ती कायमची. ठाण्यास माध्यमिक शिक्षण झाल्यावर ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गेले. तेथे १९२७ साली त्यांना गणिताचे रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्‌सी. झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीस त्यांनी शाळेत शिकविले.

दिवसा मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळावे, असा त्यांचा क्रम होता. डोंबिवली स्टेशनाचे जुने नाव डेम्लो. तेथे त्यांना १, १२१, १२३२१ अशा एका संख्याकुळाची कल्पना सुचली, म्हणून त्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या हे नाव दिले. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचे नवल मांडले. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिच्या अंकांची मोठ्यात मोठी संख्या करून तीतून लहानात लहान वजा करा. उत्तराचेही तसेच करीत जा. ४३२१ वजा १२३४ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतेच, आणि तेथून मग हलता येत नाही.

मला स्वतःला मात्र त्यांचा दुसरा खेळ अधिक आवडतो. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवावी. जे येईल त्याचेही तसेच करावे. ४७ मध्ये ४ आणि ७ मिळविले की ५८. त्यात ५ आणि ८ मिळविले की ७१. पुढे ७९, ९५, १०९. प्रत्येक संख्या आधीच्या संख्येच्या पोटी जन्म घेते. या सहा संख्यांतील सर्व अंकांची बेरीज किती? एकेक अंक मोजण्याचे कारण नाही. शेवटच्या १०९ मधून पहिले ४७ वजा करा, ६२ आले. त्यात १०९ च्या अंकांची बेरीज १० मिळवा, ७२ झाले. भिशीच्या वहीत आजच्या शिलकेतून पहिल्या दिवसाची शिल्लक वजा केली की मधली सारी भर कळते, तसेच हे.

मग मास्तरांनी पुढचा प्रश्न केला. जिला अशी जननीच नाही अशी संख्या असते काय? १४ पासून १९ निघते आणि १५ पासून २१. मधल्या २० ला कोणीच जन्म देत नाही. ३१, ४२, ५३ यांचेही तेच. या झाल्या स्वयंभू संख्या. त्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. उलट १०१ ला दोन जननी आहेत, ९१ आणि १००. मी वाणसामानाच्या यादीमागे हे सारे पडताळून पाहिले आहे. भाजी शिजेपर्यंत होण्यासारखे काम आहे.

आता हेच काम संगणक क्षणात करतो. पायथन या संगणकभाषेत तयार साधनांचे संच मिळतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. दळून-भाजून डब्यात भरून ठेवलेल्या मसाल्यासारखीच ती सोय. त्यांतील इटरटूल्स नावाच्या संचात प्रत्येक उत्तर पुढल्या फेरीस पुरविणारे साधन आहे. त्याला आरंभाचे ४७ आणि वरचा नियम दिला की हवी तेवढी लांब मालिका पडद्यावर येते. नातवाने मला ती करून दाखविली. परंतु नियम कोणता द्यावा आणि २० ला जननी का नाही, हे यंत्राला आपण होऊन सुचत नाही. ते सुचले कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या एका मास्तरांना.

त्यांच्या हयातीत या कामाचे चीज सहजी झाले नाही. आपल्याकडील अनेक गणितज्ञ या खेळांना क्षुल्लक समजून हसत. मास्तरांनी लहान नियतकालिकांतून लेख दिले, पुस्तिका स्वतः छापल्या आणि परिषदांना जाणे सोडले नाही. १९६६ साली पत्नी निवर्तली. पेन्शन पुरत नसे, म्हणून ते शिकवण्या करीत. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीचे हे नाव जगभर गेले. तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. १९८६ साली ते वारले. आज ६१७४ ला सर्वत्र कापरेकर स्थिरांक म्हणतात.

आपल्यापैकी कितीजणींनी एखादा छंद, त्याचा उपयोग काय असे कोणी विचारल्यावरून सोडून दिला असेल! मास्तरांनाही तो प्रश्न जन्मभर ऐकावा लागला. ते वाद घालीत बसले नाहीत, पुढची संख्या मांडीत राहिले. आपल्या मुलीबाळींपैकी कोणी वहीच्या मागल्या पानावर असे काही मांडीत बसलेली दिसली, तर तिला उठवू नये, एवढे सांगून मी हे चरित्र पुरे करते.